एकशे बारा कोपरे

गिटार वाजवणाऱ्या माणसाच्या डाव्या हाताकडेच सगळे बघतात. बोटं गिटारच्या मानेवरून वरखाली पळतात, तारा ओढतात, थरथरवतात, आणि बघणाऱ्याची खात्री पटते की जे काय चाललंय ते इथंच चाललंय. उजव्या हाताकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. काकांचं सगळं वादन उजव्या हातात होतं, त्यामुळे गेली सव्वीस वर्षं त्यांच्याकडेही कुणी बघितलं नव्हतं.

काका धंद्याने टेलर. जाड कोट, रखवालदारांचे गणवेश, गाड्यांच्या ताडपत्र्या, जे दुसरा कुणी हातात घेत नाही ते त्यांच्या दुकानात यायचं. आणि आठवड्यातून एकदा ते ‘गंज’ नावाच्या चार जणांच्या बँडमध्ये हेवी मेटल वाजवायचे. बँडमध्ये गिटारी दोन. एक पुढे उभी राहून आकाशपाताळ एक करणारी. ती काकांची नाही. दुसरी मागे, ड्रमच्या शेजारी, गाण्यात पुन्हापुन्हा येणारा जड तुकडा इमानाने ओढत नेणारी, ती काकांची. त्या तुकड्याला रिफ म्हणतात. घरी जाताना लोक गुणगुणतात तो रिफ आणि तोंड भरून कौतुक करतात ते पुढच्या गिटारीचं. ‘तुमचे हे काय वाजवतात?’ असं काकूंना कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, “तो उड्या मारणारा असतो ना, त्याच्या मागचे.”

आता काका वाजवायचे कसे ते जरा नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. एक तर त्यांचा हात नेहमी वरून खाली यायचा. बाकीचे गिटारवाले खाली-वर, खाली-वर असा हात हलवून निम्म्या कष्टात काम उरकतात. काकांना ते मान्य नव्हतं. प्रत्येक ठोका वरून खाली, मग गाणं कितीही पळत असो. दुसरं म्हणजे तळहाताची कड ते तारांच्या बुडाशी टेकवून ठेवायचे, त्यामुळे आवाज झणझणायचा नाही, धुगधुगायचा, आणि तो कानाआधी पोटात कळायचा. तारा छेडायला सगळे प्लॅस्टिकचं पिक वापरतात. काकांचं पिक म्हणजे ओव्हरकोटाचं जाड बटण, घासून टोकदार केलेलं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रिफ जिथे वळायचा तिथे काकांचा हात काहीतरी करायचा. काय करायचा हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी काकांना सांगता आलं नसतं.

हे वादन अंगात मुरलेली एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची पुतणी. तिचे आईवडील दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळा सुटली की तिची रवानगी काकांच्या दुकानात. कापड बेतायच्या मोठ्या टेबलाखाली चिंध्यांच्या ढिगात बसून तिने अभ्यास केला, झोपा काढल्या आणि मशीनचा आवाज ऐकला. मोठी झाल्यावर ती आवाजाच्याच धंद्यात शिरली. एका टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर छोटा स्टुडिओ होता, तिथे ती रेकॉर्डिंग करायची आणि नको असलेले आवाज कापायची. सगळे तिला कात्री म्हणायचे. काकांना या नावाचं काही नवल वाटलं नाही. “टेलरच्या घरात दुसरं काय जन्माला येणार,” एवढंच ते म्हणाले.

‘गंज’चं नवं रेकॉर्डिंग हे कात्रीचं एकटीने अंगावर घेतलेलं पहिलं काम. स्टुडिओचे मालक म्हणाले होते, “हे नीट पार पाडलंस तर पुढची कामं तुझी. पण कचरा ठेवायचा नाही. न वापरलेलं रोजच्या रोज उडवायचं, माझ्या मशीनमध्ये जागा नाही.” कात्रीने मान डोलावली होती. आनंदाच्या भरात माणूस कशालाही मान डोलावतो.

या वेळी रेकॉर्डिंगची पद्धत नवी होती. आजवर ‘गंज’ने जे काही रेकॉर्ड केलं ते चौघांनी एका खोलीत घामाघूम होऊन एकदम वाजवलं होतं. आता एकेकाने वाजवायचं, हेडफोनमध्ये टिकटिक ऐकत. टिकटिक म्हणजे मशीनने धरलेला ठेका, केसभरही इकडेतिकडे न होणारा. ही टूम सुसाटची. सुसाट म्हणजे पुढची गिटार. तिशीतला, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा, उन्हाळ्यातही चामड्याचं जॅकेट न काढणारा. बँडमध्ये येऊन त्याला सहाच वर्षं झाली होती, पण हात खरोखर चांगला होता, आणि ते त्याला माहीतही होतं. गाणी काढणाऱ्या कंपनीला पाठवायची तर काटेकोर पाहिजेत, असं त्याचं म्हणणं. ड्रमवाल्याला, म्हणजे दिवसा शाळेची बस चालवणाऱ्या बसवाल्याला, टिकटिक आवडली नव्हती. पण का आवडली नाही ते त्याला सांगता येईना, म्हणून तो गप्प बसला.

चौथ्या गाण्यावर घोडं अडलं. काका आपली गिटार वाजवून दुकान उघडायला निघून गेले होते. सुसाट कात्रीच्या मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता. पडद्यावर आवाज दिसतो. प्रत्येक ठोक्याचा एक डोंगर, आणि टिकटिकीच्या उभ्या रेषा.

“हे बघ,” सुसाटने बोट ठेवलं. “इथे मागे. इथे मागे. इथे पण. रिफ वळतो तिथे प्रत्येक वेळी काका उशिरा.”

कात्रीने बघितलं. खरंच होतं. सरळ पट्ट्यात डोंगर रेषेवर चपखल, आणि वळण आलं की रेषेच्या जरासा उजवीकडे, म्हणजे उशिरा. सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले चाळीस. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

“वय झालं त्यांचं,” सुसाट म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाकडेपणा नव्हता, हेच कात्रीला जास्त लागलं. “मी त्यांचा मान ठेवतो. पण शनिवारी सगळे मिळून गाणी ऐकणार आहोत. चौथं बसलं नाही तर दोन्ही गिटारी मीच वाजवतो. आणि मग स्टेजवर तरी दोन माणसं कशाला? मास्तर मला आधीच हो म्हणालेत.”

मास्तर म्हणजे बँडचे गायक. बेसगिटारही तेच वाजवायचे. पहिलीच्या वर्गाला शिकवत, मुलांशी इतक्या हळू बोलत की मागच्या बाकावर ऐकू जात नसे, आणि माइक हातात आला की खाणीत दगड फुटावेत तसे ओरडत. मास्तर हो म्हणाले म्हणजे निम्मा बँड हो म्हणाला.

सुसाट गेल्यावर कात्री एकटीच बसून राहिली. सव्वीस वर्षं मागे उभा राहिलेला माणूस, आणि त्याला आता तिथूनही उठवणार. आणि कशासाठी? सेकंदाच्या चाळीस हजारांशांसाठी. एवढं तर ती डोळे मिटून दुरुस्त करू शकत होती. तिचं कामच ते.

मग तिने ते केलं. कुणाला न सांगता, दुपारभर बसून. रिफ गाण्यात अठ्ठावीस वेळा यायचा, त्यात चार वळणं, म्हणजे एकशे बारा कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावरचा ठोका धरायचा, त्याच्या आधीची फट कापून टाकायची, कीबोर्डवरचं बाणाचं बटण दाबत ठोका रेषेवर आणायचा, जोड पुसून टाकायचा. पुढचा कोपरा. तिचं बोट आपोआप चालायला लागलं. काम संपलं तेव्हा पडद्यावर एकही डोंगर रेषेबाहेर नव्हता. शाळेच्या कवायतीतल्या मुलांसारखे सगळे ओळीत उभे. मग मालकांचा नियम आठवून तिने न वापरलेलं सगळं उडवलं, काकांनी वाजवलेलं मूळसुद्धा. काम फत्ते झाल्याच्या आनंदात ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली.

शनिवारी सकाळी सगळे जमले. मागच्या बाकावर मास्तर आणि बसवाला, खुर्चीत सुसाट, आणि दाराजवळच्या स्टुलावर काका, खांद्यावर मापाची टेप तशीच राहिलेली. स्टुडिओ बारापर्यंतच त्यांचा होता; बाराला साबणाच्या जाहिरातवाले यायचे होते. पहिली तीन गाणी सुरेख निघाली. सव्वाअकराला कात्रीने चौथं लावलं आणि सुसाटच्या चेहऱ्याकडे बघत बसली.

गाणं सुरू झालं. ड्रम होते, बेस होता, दोन गिटारी होत्या, मास्तर ओरडत होते. सगळं होतं आणि सगळं वेळेवर होतं. अर्ध्या मिनिटात मास्तरांनी जांभई दिली. बसवाल्याचा पाय, जो कुठल्याही गाण्याला जमिनीवर आपटायचा, तो जागचा हलला नाही. गाणं पुढे सरकत होतं, पण सरकत्या जिन्यासारखं. कुणी चढतही नव्हतं, कुणी उतरतही नव्हतं.

गाणं संपलं. मग सुसाट म्हणाला, “वेळेवर आहे.” आणि थोडं थांबून, “पण मेलंय.”

“गाणंच कच्चं आहे की काय आपलं,” मास्तर हळूच म्हणाले.

“गाणं कच्चं नाही. वाजवताना दम राहिला नाही,” सुसाट म्हणाला आणि काकांकडे न बघता पुढे बोलला, “काका, वाईट वाटून घेऊ नका. हे मी परत वाजवतो. पाऊण तास आहे, होऊन जाईल.”

काका पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी कात्रीकडे बघितलं, फार वेळ नाही, कापड उलटून आतली शिवण बघावी तेवढाच. आणि म्हणाले, “बरोबर आहे त्याचं. हात थकला असेल माझा. सुसाटनेच वाजवावं.”

ते उठले. गिटार पिशवीत घालायला आतल्या खोलीत निघाले. कात्रीच्या खुर्चीजवळून जाताना, तिलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, “शिलाई सरळ आहे गं. अंगावर बसत नाही एवढंच.”

बाकीचे पाय मोकळे करायला जिन्यावर गेले आणि ती पडद्यासमोर एकटी राहिली. काकांना कळलं होतं. पण मग ते बोलले का नाहीत? आणि सरळ केल्यावर गाणं का मेलं? तिचं उजवं बोट टेबलावर आपटत होतं, ती विचार करायला लागली की आपटायचं तसं. टक टक टक टक. थांबून पुन्हा टक टक टक टक. तिने बोटाकडे बघितलं.

चार. ते बोट दुपारभर बाणाच्या बटणावर होतं. एका दाबाला दहा हजारांश. पहिल्या कोपऱ्याला चार दाब. दुसऱ्याला चार. पन्नासाव्याला चार, शंभराव्याला चार. म्हणून तर बोट आपोआप चालायला लागलं होतं. मोजायची गरजच पडली नव्हती. थकलेला हात कधी तीन दाब मागे पडेल, कधी सहा, कधी सुटेलच. चुकणारा माणूस दर वेळी वेगळं चुकतो. एकशे बारा वेळा अगदी तेवढंच चुकत असेल तर त्याला चूक कोण म्हणेल?

आणि मग तिला टेबलाखालचा आवाज आठवला. मशीन घर्रर्र जायचं. मग थप. मग घर्रर्र. कॉलर शिवताना कोपरा आला की काका मशीन थांबवायचे, सुई कापडातच ठेवायची, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय उचलायचा, कापड फिरवायचं, पाय खाली, थप, आणि मगच पुढे. घाईत फिरवलं तर कोपऱ्याला टोक येत नाही, गोळा होतो. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला काका हे सांगायचे. लहानपणी ती त्या ‘थप’वर मान टाकायची, आणि तिथेच तिला झोप लागायची. काका गिटारवर रिफ शिवत होते. कोपरा आला की तळहात तारांवर दाबून कापड फिरवत होते. ते सव्वीस वर्षं तेच करत होते, आणि तिने एका दुपारी एकशे बारा कोपऱ्यांचे गोळे करून टाकले होते.

ती इतक्या जोरात उठली की खुर्ची मागे जाऊन भिंतीवरच्या आवाज जिरवणाऱ्या गादीला आपटली. “सगळे आत या,” ती जिन्यावर जाऊन म्हणाली. “लवकर या. काका, पिशवी बंद करू नका.”

सगळे आत आल्यावर तिने आधी आपलं पाप कबूल केलं, कारण ते आधी केलं नसतं तर नंतर जमलं नसतं. “काकांनी असं वाजवलं नव्हतं. मी त्यांचे ठोके सरकवले. प्रत्येक कोपऱ्यावर, रेषेवर आणून ठेवले. गाणं मी मारलंय.”

सुसाटचा चेहरा लाल झाला. “न विचारता? माझ्या गिटारला असं केलं असतंस तर तुला सोडलं नसतं मी.”

“बरोबर आहे. पण आधी ऐकून घे.” आणि तिने चार दाबांचं सांगितलं, थपचं सांगितलं, टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. तिचे शब्द एकमेकांवर आपटत होते. बसवाला हळूहळू उभा राहिला.

“मी सांगू का आता?” तो म्हणाला. “लाज वाटत होती म्हणून बोललो नाही. सगळ्यांना वाटतं ठेका मी धरतो. मी नाही धरत. मी टेलरच्या उजव्या हाताकडे बघून वाजवतो. पहिल्या दिवसापासून. तो हात दाबला की मी थांबतो, उचलला की मारतो. परवा ती टिकटिक कानात घालून बसवलंत, तर ड्रम वाजवताना आयुष्यात पहिल्यांदा मला झोप आली.”

“मग चार दाब उलटे दे की,” सुसाट कात्रीला म्हणाला. मोबाइल दुरुस्त करणारा माणूस, त्याचं डोकं बरोबर चाललं. “जिथे होतं तिथे परत नेऊन ठेव.”

कात्रीने पहिल्या कोपऱ्यावर तसं केलं आणि वाजवलं. ठोका जागेवर गेला, पण त्याच्या आधी भोक पडलं; दातांच्या ओळीतला एक दात पडावा तसं. “फट मी कापून टाकली होती,” ती म्हणाली. “मला ती रिकामी वाटली. रिकामी नव्हती ती. काकांचा तळहात पडायचा त्याचा आवाज होता त्यात. आणि मूळ मी उडवलंय. आता ते कुठेच नाही.”

घड्याळात अकरा चाळीस झाले होते. मास्तरांनी काकांकडे बघितलं. “टेलर, तुला ऐकताच कळलं ना?”

“पहिल्या ओळीत.”

“मग बोलला का नाहीस? हा तुला काढायला निघाला होता. आणि मीही हो म्हणालो होतो.”

काका मापाची टेप बोटाला गुंडाळत होते. “तिचं पहिलं काम आहे,” ते म्हणाले. “पहिल्या कोटाला काखेत चूक होतेच. गिऱ्हाईकासमोर कशाला दाखवायची?”

कात्री रडलीच असती. पण रडायला वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर रडण्यापेक्षा तिचे हात शिवशिवत होते. “वीस मिनिटं आहेत,” ती म्हणाली. “एकदाच. चौघं एकदम, एका खोलीत. टिकटिक बंद. सगळ्यांच्या कानात फक्त काका.”

पुढची दहा मिनिटं त्या मजल्यावर जी धावपळ झाली तशी आग लागल्यावरही होत नाही. बसवाल्याने ड्रम ओढले, मास्तरांनी माइकचे खांब कवेत घेऊन आणले, सुसाटने न सांगता वायरी जोडल्या. काका तेवढे शांत होते. त्यांनी खिशातून बटण काढलं, शर्टाला पुसलं, ड्रमच्या शेजारी नेहमीच्या जागी उभे राहिले आणि तळहाताची कड तारांवर टेकवली. अकरा बावन्नला कात्रीने दोन खोल्यांमधल्या काचेमागून हात वर केला आणि खाली आणला.

पहिला ठोका पडला आणि कात्रीच्या समोरच्या टेबलावरचा पेनांचा डबा थरथरला. खाली, खाली, खाली, खाली. बटण तारांवर पडत होतं आणि एकही ठोका दुसऱ्याच्या अंगावर चढत नव्हता. मग पहिला कोपरा आला. थप. काकांचा हात दाबला, बसवाल्याच्या काठ्या हवेत थांबल्या, मास्तरांची मान थांबली. सुसाट थांबला नाही. तो टिकटिकीच्या सवयीने पुढे निघून गेला आणि क्षणभर एकटाच हवेत लटकला, जिन्याला आणखी एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं तसा. त्याच्या खाली काही नव्हतं. मग तिघांचा ठोका एकदम पडला.

दुसरा कोपरा येत होता. आणि सुसाट, ज्याने सहा वर्षांत स्वतःच्या डाव्या हाताखेरीज कशाकडे बघितलं नव्हतं, त्याने मान वळवली. त्याने काकांच्या उजव्या हाताकडे बघितलं. तळहात दाबला तेव्हा तो थांबला. त्या चाळीस हजारांशांत त्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते कात्रीने काचेतून स्वच्छ बघितलं. पहिल्यांदा सायकलचा तोल सापडलेल्या पोराचा चेहरा तसा असतो. मग चौघांचा ठोका एका जागी पडला आणि खालच्या टायरच्या दुकानातून कुणीतरी वर आवाज दिला, “काय पडलं?”

त्यानंतर गाणं थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. रिफ वळत होता आणि प्रत्येक वळणावर सगळ्यांचा श्वास अडकत होता. पुढचा ठोका येणार हे माहीत असून येतो की नाही असं वाटायचं, आणि तो आला की सगळे एकदम पुढे झेपावायचे. सुसाटची बोटं पळत होती, पण आता पळायला त्यांना जमीन मिळाली होती. तो कोपऱ्यापर्यंत जीव खाऊन धावायचा, काकांच्या हातासाठी थांबायचा आणि पुन्हा सुटायचा. त्याने इतकं चांगलं कधीच वाजवलं नव्हतं. मास्तरांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. बसवाला हसत होता, उघड दात काढून, कपाळावरून घाम डोळ्यात जात असताना. कात्री मोजत होती. नव्वद. शंभर. एकशे दहा. एकशे बाराव्या कोपऱ्यावर काकांनी तळहात दाबला, उचलला, आणि शेवटच्या ठोक्याला पहिल्यांदाच तारा मोकळ्या सोडल्या. तो आवाज भिंतींवरच्या गाद्यांत जिरेपर्यंत कुणी पापणी लववली नाही.

“परत घ्यायचंय का?” काकांनी माइकमध्ये विचारलं.

“नाही,” कात्री म्हणाली.

बारा वाजायला दोन मिनिटं होती. काकांनी गिटार पिशवीत घातली. ऐकायला थांबा म्हणून सगळ्यांनी आग्रह केला, पण बाराला एका रखवालदाराला कोटाच्या मापाला बोलावलं होतं. “मी काय वाजवलं ते मला माहीत आहे,” ते म्हणाले. दारात सुसाट उभा होता. त्याने काकांच्या खिशाकडे बोट दाखवलं. “ते बटण. मला एक करून द्याल?”

काकांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, टेलर बघतो तसं. “तुझ्या जॅकेटाचं तिसरं सैल झालंय. संध्याकाळी दुकानात ये. ते घट्ट करून देतो आणि वर एक घासून देतो.” आणि ते जिना उतरून गेले.

जाहिरातवाले जिन्याखाली येऊन उभे होते. मालकांनी डोकं आत घालून सांगितलं, “आटपा, आणि जास्तीचं काढून टाक.” कात्रीने सरळ केलेलं गाणं शोधलं, कवायतीच्या ओळीसकट, आणि ते उडवलं. मग आत्ताच्या गाण्याच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या जागी ठेवल्या. मालकांनी बघितलं आणि बघितलंच नाही असं दाखवलं. नव्या पडद्यावर प्रत्येक वळणावरचा डोंगर जरासा उशिराने उभा होता. सवयीने तिचं बोट बाणाच्या बटणावर गेलं, आणि तिने ते परत मांडीवर आणून ठेवलं.

“माझी गिटार जरा कमी कर,” सुसाट तिच्या मागून म्हणाला.

ती वळली. या धंद्यात तिची चार वर्षं गेली होती आणि माझा आवाज वाढव असं न म्हणणारा गिटारवाला तिने एकही बघितला नव्हता. “काय म्हणालास?”

“कमी कर. काका ऐकू यायला पाहिजेत.”

तिने सुसाटची गिटार खाली घेतली आणि गाणं पहिल्यापासून लावलं. जाहिरातवाले दारात येऊन थांबले होते, पण ‘आता आमची वेळ झाली’ असं त्यांच्यातलं कुणी म्हणालं नाही. पहिला कोपरा आला तेव्हा खोलीतले सगळे, अगदी साबणवालेसुद्धा, श्वास धरून थांबले, दुकान उघडायला गेलेल्या काकांचा तळहात पडायची वाट बघितली, आणि मगच त्यांच्याबरोबर पुढे गेले.